हरणाऱ्याचे घर कोणत्या गावात?

बांद्याहून पत्रादेवीचा नाका ओलांडला की पेडणे तालुका लागतो आणि थोड्याच वेळात महामार्गावर धारगळ येते. आमच्या भागातली कितीतरी मुले रोज सकाळी मोटारसायकलवरून याच रस्त्याने गोव्यात कामाला जातात. घरात कोणी जास्त आजारी पडले तर बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात न्यायचे तेही याच रस्त्याने. सरहद्द आहे, पण बाजार, सोयरीक आणि नोकरी यांत ती कोणाला फारशी जाणवत नाही. त्यामुळे धारगळला कॅसिनो येणार अशी बोलवा उठली, तेव्हा ती सिंधुदुर्गातल्या घरांतही तेवढ्याच तावातावाने बोलली गेली. माझी थोरली बहीण म्हापशाला राहते. सुट्टीत तिच्याकडे गेले असता पेडणे आणि पणजी या दोन्ही बाजूंच्या लोकांशी बोलायचे मी ठरवले. शिक्षिकेला एक फायदा असतो: कोणत्याही गावात ओळखीचे एखादे मास्तर किंवा बाई निघतातच.

आधी प्रस्ताव काय आहे ते पाहू. पणजीत मांडवी नदीवर ज्यांची कॅसिनो जहाजे आहेत त्या डेल्टा कॉर्प कंपनीने धारगळला मोठा पर्यटन प्रकल्प मांडला आहे. त्यात हॉटेले, परिषदगृह, वॉटर पार्क असे बरेच काही आहे आणि त्याच्याबरोबर गेमिंगचीही भाषा आहे. गेमिंग म्हणजे नेमके काय, तिथे कॅसिनो असणार की नसणार, यावर निरनिराळ्या वेळी निरनिराळी विधाने झाली. शिवाय मांडवीतली जहाजे कधीतरी मोपा विमानतळाच्या परिसरात हलवायची, तिथे वेगळा गेमिंग झोन करायचा, हा विचारही गोवा सरकार अनेक वर्षे बोलून दाखवत आले आहे. म्हणजे धारगळच्या माणसाने वॉटर पार्कचे चित्र पाहायचे आणि त्याच्या मागे काय उभे राहणार याचा अंदाज करायचा, अशी परिस्थिती आहे. गावकऱ्यांची पहिली तक्रार हीच होती. हो किंवा नाही म्हणायला आधी कशाला ते स्पष्ट कळायला हवे.

पाण्याचा मुद्दा त्याहून जुना आहे. धारगळची ती जमीन तिळारीच्या लाभक्षेत्रातली. तिळारीचे धरण आपल्या दोडामार्ग तालुक्यात आहे. महाराष्ट्र आणि गोवा यांचा हा संयुक्त प्रकल्प असून खर्चाचा आणि पाण्याचा मोठा वाटा गोव्याचा आहे. धरणासाठी दोडामार्गातली गावे उठली, माणसे पुनर्वसनाच्या वसाहतींत गेली. शेती भिजावी म्हणून हे सारे झाले. अशी जमीन लाभक्षेत्रातून वगळून प्रकल्पाला मोकळी करण्यावरून मोठा वाद झाला. वायंगणी भात आणि भाजी करणाऱ्या एका काकींना मी विचारले, तर कॅसिनोबद्दल त्या फार बोलल्याच नाहीत. "पत्ते खेळणारे कुठेही खेळतील. पण कालवा एकदा बुजला की परत कोण खणून देणार?" एवढेच म्हणाल्या आणि मिरच्या निवडू लागल्या.

प्रकल्पाच्या बाजूने बोलणारेही बरेच आहेत आणि त्यांचे म्हणणे नीट ऐकून घ्यायला हवे. आपल्या मासिकांतून कधी कधी असे लिहिले जाते, जणू विरोध करणारे सगळे नेक आणि पाठिंबा देणारे सगळे लोभी. पेडण्यात मला तसे दिसले नाही. हॉटेल व्यवस्थापनाचा कोर्स केलेल्या एका तरुणाचा हिशेब साधा होता. किनाऱ्यावरच्या रिसॉर्टमध्ये हंगामापुरती नोकरी मिळते आणि पाऊस सुरू झाला की घरी बसावे लागते. मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन डिसेंबर २०२२ मध्ये झाले, जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. त्यासाठी पठारावरच्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, धनगर कुटुंबे उठली, आणि स्थानिकांना नोकऱ्यांचे आश्वासन मिळाले. नोकऱ्या मिळाल्या, पण त्यांतल्या बऱ्याच कंत्राटी. पेडण्याच्या टॅक्सीवाल्यांना तर विमानतळावर धंदा करण्याचा हक्क मागत आंदोलन करावे लागले. तुयेच्या इलेक्ट्रॉनिक सिटीचे नाव तो लहान असल्यापासून ऐकतो आहे. अशा मुलाला कॅसिनो बारा महिने चालतो, पावसातही चालतो, हे दिसते. त्याला नुसते "वाईट आहे" म्हणून सांगणाऱ्याने त्याच्यासमोर दुसरे काहीतरी ठेवायला हवे की नको?

एका रिक्षावाल्याचे मत मात्र उलटे होते. पणजीच्या कॅसिनोंची गिऱ्हाइके हॉटेलच्या गाडीने येतात, कंपनीच्या बोटीने जहाजावर जातात, तिथेच जेवतात, तिथेच पितात आणि पहाटे त्याच गाडीने परत जातात. त्यात रिक्षावाल्याला किंवा भजी तळणाऱ्याला काय मिळणार, असा त्याचा सवाल. हा माणूस कॅसिनोविरोधी मुळीच नाही. त्याला फक्त धंदा हवा आहे आणि तो मिळणार नाही अशी त्याची खात्री आहे.

गाव एकमताचे नाही हे नवे नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सनबर्न हा संगीत महोत्सव धारगळला झाला, तेव्हाही गावात दोन तट पडले होते. एका बाजूला जागेचे भाडे, पार्किंगचे पैसे, तीन दिवसांचा धंदा, आणि दुसऱ्या बाजूला आवाज, दारू आणि मुलाबाळांची काळजी. तेव्हा पडलेली काही घरांतली बोलाचाली अजून मिटलेली नाही, असे तिथल्या एका शिक्षिकेने सांगितले. प्रकल्प येवो न येवो, गावात फूट आधीच येऊन राहते, हे तिचे निरीक्षण मला महत्त्वाचे वाटले.

पुढचे चित्र पाहायचे असेल तर पणजीला जावे लागते. गोव्याचा जुगारबंदीचा कायदा १९७६ चा. १९९२ मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळाला परवानगी दिली आणि १९९६ मध्ये समुद्रातल्या जहाजांवर टेबलावरच्या खेळांना. कायद्यात जहाजे समुद्रातली, पण ती नांगरली मांडवी नदीत, शहराच्या दारात. आज तिथे सहा आहेत. प्रत्येक पक्षाने विरोधात असताना त्यांच्याविरुद्ध आवाज उठवला आणि सत्तेत आल्यावर त्यांना मुदत वाढवून दिली. ही मुदतवाढ सहा-सहा महिन्यांची असते. तात्पुरती म्हणून दिलेली परवानगी दर सहा महिन्यांनी वाढत जाते आणि मुले शाळेतून कॉलेजात जातात. 'आम औरत आदमी अगेन्स्ट गॅम्बलिंग' ही संघटना आणि तिच्या सबिना मार्टिन्स यांनी वर्षानुवर्षे हा विषय धरून ठेवला. बहिणीच्या ओळखीच्या एक बाई धक्क्यापासून जवळच राहतात. त्या म्हणाल्या, पूर्वी मगरिबनंतर आम्ही बायका नदीकाठाने फिरायला जायचो, आता शनिवार-रविवारी गाड्यांतून वाट काढणेच मुश्किल आहे. चोरी, मारामारी असे काही त्यांनी सांगितले नाही. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे शहराचा एक काठ त्यांच्या हातातून गेला, एवढेच.

आता एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधायचे आहे, कारण माझ्या मते सगळ्या प्रश्नाची गाठ तिथे आहे. २०१२ मध्ये गोव्याने कायद्यात आणखी बदल केला आणि १ फेब्रुवारी २०२० पासून त्याची अंमलबजावणी जाहीर झाली. त्यानुसार गोव्याच्या रहिवाशाला कॅसिनोत खेळायला जाण्यास बंदी आहे. नोकरी करता येईल, खेळता येणार नाही. मुख्यमंत्र्यांनी ही बंदी जाहीर केली तेव्हा गोव्यातल्या अनेक आयांनी सुटकेचा श्वास सोडला असेल, आणि ते बरोबरच आहे. बंदी कितपत पाळली जाते यावर लोक हसतात, तो वेगळा विषय. पण सरकारने कायद्याच्या पुस्तकात काय लिहून ठेवले आहे? ही गोष्ट आमच्या माणसांसाठी घातक आहे, म्हणून त्यांना दूर ठेवा, पण धंदा चालू द्या.

मग आत बसून हरते कोण? बाहेरून आलेला. म्हणजे आपला माणूस. कोल्हापूर, बेळगाव, सांगली, पुणे, मुंबई, हुबळी. शुक्रवारी रात्री चार-पाच मित्र गाडी काढतात. प्रवेशाच्या पैशांतच जेवण, मद्य आणि खेळायला काही चिप्स मिळतात, म्हणजे पहिला डाव फुकट असल्यासारखा वाटतो. रविवारी रात्री गाडी परत फिरते. धारगळच्या गावकऱ्याला विचारले तर तो प्रामाणिकपणे सांगेल की पणजीत कॅसिनोमुळे उद्ध्वस्त झालेले घर त्याने पाहिलेले नाही. त्याला ते दिसणारच नाही, कारण ते घर त्याच्या गावात नाही. ते घाटावर आहे. नोकरी, कर, पार्किंगचे पैसे एका गावाला मिळतात आणि कर्जाची नोटीस दोनशे किलोमीटरवरच्या दुसऱ्या दारावर लागते. गावकऱ्यांची मते घेताना या दुसऱ्या दारावर कोणी जात नाही.

मी अशा एका दारावर गेले आहे. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे ते सासर, गावाचे नाव लिहीत नाही. नवऱ्याचे दोन टेम्पो होते. पहिल्या खेपेला तो पंधरा हजार जिंकून आला आणि सगळ्या घराला कपडे आणले. पुढे दीड वर्षात आधी एक टेम्पो गेला, मग बायकोचे महरमध्ये आलेले सोने गहाण पडले. तिच्या परवानगीशिवाय. महर ही बाईची स्वतःची मिळकत, नवऱ्यालाही तिला हात लावता येत नाही, हे त्याला माहीत नव्हते असे नाही. सासूने वर्षभर ही गोष्ट शेजाऱ्यांपासून लपवली. मुलगी म्हणाली, "मॅडम, दारू पिणाऱ्याचा वास तरी येतो. याचा वासही येत नाही."

हे नशिबाने झाले असे त्या घरात अजून म्हणतात. नशिबाचा यात फार थोडा भाग आहे, उरलेले साधे गणित आहे आणि ते दहावीच्या मुलाला समजेल. रूलेट नावाच्या चाकावर १ ते ३६ आणि शून्य असे ३७ आकडे असतात. एका आकड्यावर १०० रुपये लावले आणि तोच आला, तर ३,५०० रुपये मिळतात आणि लावलेले १०० परत येतात, एकूण ३,६००. आता समजा सगळ्या ३७ आकड्यांवर १०० रुपये लावले. लावले ३,७००, हातात आले ३,६००. चाक कुठेही थांबो, शंभर रुपये मालकाचे. शेकडा सुमारे २.७० ही मालकाची कायमची फाळणी. काही चाकांवर दोन शून्ये असतात, तिथे ती ५.२६ होते. कोणी फसवत नाही, चाकात लबाडी नाही, तरी जो जितका जास्त वेळ बसेल तितका तो या आकड्याकडे ओढला जातो. म्हणून जेवण आत असते, खाली झोपायच्या खोल्या असतात आणि भिंतीवर घड्याळ शोधून सापडत नाही. मध्येच कोणी जिंकतो. त्याने जिंकलेच पाहिजे, नाहीतर पुढच्या शुक्रवारी गाडी निघणार कशी?

पवित्र कुरआनात जुगारासाठी 'मैसिर' हा शब्द आहे. सूरह अल-माइदामध्ये तो आणि मद्य एकत्र मनाई केलेले आहेत, आणि त्यांतून माणसांत वैर व द्वेष माजतो, अल्लाहची आठवण आणि नमाज सुटते, अशी कारणेही सांगितली आहेत. हे आपल्या बहुतेक वाचकांना ठाऊक आहे. पण त्याआधीची सूरह अल-बकरामधली आयत मला या विषयात जास्त उपयोगी वाटते. तिथे या दोन्हींत लोकांसाठी काही फायदे आहेत हे मान्य करून, त्यांतला गुन्हा त्या फायद्यांपेक्षा मोठा आहे असे सांगितले आहे. फायदा नाकारलेला नाही! तो कोणता, याचे स्पष्टीकरण भाष्यकारांनी दिले आहे. अज्ञानकाळातले अरब उंट कापून त्याच्या मांसाच्या वाट्यांवर बाणांनी जुगार खेळत, आणि जिंकणारा पुष्कळदा ते मांस गरिबांना वाटून टाकी. त्यात मोठेपणा मानला जाई. टंचाईच्या दिवसांत उपाशी माणसाच्या तोंडी घास पडत होता. इतका चांगला फायदा समोर असूनही निकाल विरुद्ध गेला. आज कॅसिनोच्या बाजूने जे सांगितले जाते ते याच जातीचे आहे: करातून रस्ते होतील, रुग्णालये होतील, पोरांना नोकऱ्या मिळतील. सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला आहे. तो पैसा खरा आहे. तो कोणाच्या खिशातून येतो हे विचारायचे आहे. पेडण्याच्या त्या तरुणाशी बोलताना मी त्याला फायदा नाही असे म्हटले नाही, आणि आपल्यापैकी कोणी म्हणू नये. खोटे बोलून नेकीची बाजू मांडता येत नाही.

ज्यांनी विचारपूर्वक परवानगी दिली त्यांनाही घराची आठवण ठेवावी लागली, याचे उदाहरण सिंगापूरचे आहे. तिथे २००४-०५ मध्ये कॅसिनो असावेत की नसावेत यावर देशभर जाहीर चर्चा झाली. मुसलमान, ख्रिस्ती अशा अनेक समाजांतून विरोध झाला, हजारो लोकांनी सह्या केल्या. एप्रिल २००५ मध्ये सरकारने तरीही दोन कॅसिनोंना मंजुरी दिली आणि २०१० मध्ये ते सुरू झाले. विरोध हरला, पण वाया गेला नाही. तिथल्या नागरिकाला आत जायला एका दिवसाचे १०० डॉलर शुल्क ठेवले गेले, २०१९ मध्ये ते १५० केले. आणि घरच्या माणसांना अर्ज करून आपल्या नवऱ्याला, मुलाला, बापाला आत घेऊ नका असा आदेश मिळवता येतो. माझ्या त्या विद्यार्थिनीच्या हातात असा एक कागद असता तर? गोव्याच्या सरकारने आपल्या रहिवाशांसाठी दार बंद केले. शेजारच्या राज्यातल्या बायकोला ते आपल्या माणसापुरते बंद करून घेता यावे, ही मागणी आपण मराठी आणि कन्नड मुलखातून करू शकतो. कॅसिनो हवा की नको या भांडणाचा निकाल लागेपर्यंत तिने थांबायचे कारण नाही.

आपल्या राज्याचीही गंमत आहे. महाराष्ट्राने १९७६ मध्येच कॅसिनोला परवाने देण्याचा कायदा करून ठेवला होता. तो कधी अमलात आणला नाही आणि रद्दही केला नाही. अधूनमधून कोणीतरी तो बासनातून काढायची मागणी करी, न्यायालयात याचिकाही झाल्या. अखेर २०२३ मध्ये सरकारने तो रद्द करण्याचे ठरवले. चांगले झाले. पण आपण हात झटकून धारगळकडे बोट दाखवावे असे मात्र नाही. मटक्याचा जन्म मुंबईतला, न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर लावलेल्या पैजांतून झालेला. कोकणातल्या कोणत्या बाजारपेठेत तो लागत नव्हता? आणि आपल्या मोहल्ल्यांतली मुले? तरावीहनंतर चहाच्या टपरीवर बसून क्रिकेटच्या ॲपवर संघ लावणारी मुले मी पाहिली आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, त्याआधी कित्येक घरांचे नुकसान होऊन गेले होते. 'तो कौशल्याचा खेळ आहे, खाला' असे मला समजावणारा माझा भाचाच होता.

याच भाच्यामुळे धारगळचा प्रश्न माझ्या बहिणीच्या जेवणाच्या दस्तरखानावर येऊन बसला. तो स्वयंपाकी आहे, हात चांगला आहे. पणजीत कॅसिनो असलेल्या एका हॉटेलात त्याला मुदपाकखान्यात जागा मिळत होती, आणि पुढे धारगळला नवे काही उभे राहिले तर तिकडे बढती मिळेल असेही कोणीतरी सांगितले होते. "मी पत्ते वाटणार नाही, बिर्याणी करणार. त्यात काय हराम?" असे त्याचे म्हणणे. दुलाभाई गप्प. घराचा हप्ता चालू आहे. आपाने मशिदीतल्या मौलानांना विचारायला सांगितले. मौलाना रागावले नाहीत. त्यांनी आधी पगार किती, घरात कमावते किती, दुसरीकडे काही मिळते का, हे सगळे विचारून घेतले. मग म्हणाले, जिथे पगाराचा पैसाच जुगारातून येतो तिथे नवीन पाऊल टाकू नकोस. आधीच आत अडकलेला कोणी असता तर त्याला मी वेगळे सांगितले असते, दुसरी रोजी शोधत राहा आणि मिळताच सोड. तू अजून बाहेर आहेस.

भाचा दोन दिवस तोंड फुगवून होता. मग विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांसाठी जेवण पुरवणाऱ्या एका कंत्राटदाराकडे लागला. ड्यूटी पहाटे चारची, पगार हॉटेलच्या मानाने तीन हजारांनी कमी. ते तीन हजार कुठून भरून काढायचे याचा हिशेब आपाच्या घरी अजून चालू आहे. दुलाभाई म्हणतात गाडी विकू, आपा म्हणते आधी मी शिलाई मशीन दुरुस्त करून घेते.